घरट्यासमोरची कपार

११ फेब्रुवारी १९९७, मंगळवार

मलकापूरला एस.टी.तून उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. पुढं जीप, मग दोन तास चढ. आमच्या शिरोळात उसापलीकडं काही दिसत नाही; इथं नजर जाईल तिथं डोंगर. आठ वर्षं स्टुडिओत लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढले. हे पहिले माझे स्वतःचे. अभयारण्याचा परवाना खिशात आहे, तीनशे एम.एम.ची लेन्स मित्राकडून आणली आहे.

आकारामच्या घरी उतरलोय. कड्यावरून दोरानं उतरून मध काढणारा, साठीचा, काटक माणूस. त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, तांदळाची भाकरी वाढता वाढता माझ्या घरची सगळी चौकशी केली. लेक साक्षी पाच वर्षांची आहे म्हटल्यावर तिच्यासाठी मधाची बाटली बाजूला काढून ठेवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गिधाडांचं घरटं आकारामला ठाऊक आहे. उभा कडा, त्यात वरून तीस फुटांवर एक कपार, आणि कपारीसमोरच्या खोबणीत घरटं. पिल्लू पांढऱ्या लवेचं, आई-बाप आळीपाळीनं राखणीला. आकारामनं मला कमरेला दोर बांधून सोडलं. एवढंच म्हणाला, "पावणं, खाली बघू नगासा." खाली दोनशे फूट दरी आहे. दोर लोंबत राहिला की पाखरं बुजतात, म्हणून तो वर ओढून घेतो आणि उन्हं कलली की पुन्हा सोडतो.

दिवसभर हिरव्या कापडाखाली पडून होतो. दोन रोल संपले. बाप घरट्यावर उतरतानाचा फोटो आला असेल तर कोल्हापूरच्या प्रदर्शनात तोच लावीन.

जागा कुणाला सांगायची नाही, ही माझी अट. दुसरे फोटोवाले कळपानं येतील. आकारामनं बायकोलाही एवढंच सांगितलंय की चार दिवस पठारावर राहू. रात्री वरच्या गुहेत मुक्काम केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी पुन्हा कपारीत उतरलो होतो. दुपारी चारच्या सुमाराला वर आकारामची चाहूल लागली. दोराचं टोक खाली यायला लागलं. तेवढ्यात घोंघाट झाला. आग्या माश्या. आकाराम एकदाच ओरडला. मग अख्खा दोर माझ्या डोळ्यांसमोरून दरीत गेला.

मी कापडात गुंडाळून पडलो. माश्या गेल्यावर हाका मारल्या, अंधार पडेपर्यंत. ओ नाही. पळाला असेल, गावातून माणसं आणेल. पाणी अर्धा कॅन आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कुणी आलं नाही.

वर चढता येत नाही. कपारीवर खडक छपरासारखा पुढं आलाय. वरून मी दिसणारही नाही.

सकाळी सगळी गिधाडं एकदम उठली आणि वर पठारावर उतरली. वीस तरी असतील. दिवसभर त्यांची भांडणं ऐकू येत होती. एखादं जनावर मेलं असेल, असं मनाला सांगत राहिलो.

दुपारी आई घरट्यावर आली. चोचीत कापडाची पिवळी चिंधी होती, घरट्यात अंथरायला. आकारामचा पटका पिवळा आहे.

तो गावात गेलाच नाही. तो तिथंच आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाणी संपलं. घरी सोमवारची वाट बघतील, त्याआधी नाही. आणि कुठं शोधतील? मीच तोंड बंद करून ठेवलं सगळ्यांचं. त्या म्हाताऱ्याचंही.

ओरडून आवाज बसलाय.

वरची भांडणं थांबली. गिधाडं आता कपारीच्या काठावर येऊन बसतात. तीन. ट्रायपॉड उगारला की एक उडी मागं सरकतात. पुन्हा येतात. घाई नाही त्यांना —

पिल्लाचं पोट टम्म आहे. बघवत नाही.

१६, रविवार

माणसं. वर माणसं आहेत. चिमणाबाईचा हंबरडा —

ओरडलो. नुसती हवा. ट्रायपॉड खडकावर आपटला, तर गिधाडं उडाली. पंखांच्या फडफडाटात तो आवाज गेला. लेन्स भिरकावली. पडल्याचंही ऐकू आलं नाही.

कुणीतरी म्हणतंय, त्या पावण्यानंच काय तरी केलं आणि पळालं.

चिमणाबाई रडत म्हणते, "त्यो तसा न्हाय. लेकीचा बाप हाय."

"मग हाय कुठं?"

ती पुन्हा हंबरडा फोडते.

पुन्हा आपटतोय. पाय मोडला ट्रायपॉडचा —

पावलं चालली. तिचं रडणं लांब —

एक आत आलंय. बुटापाशी. हलवायला पाय उचलत नाही —

साक्षी, मी पळालो नाही. मी इथंच