उलार

भाऊ, एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती शेवटपर्यंत ऐकून घेईल असं जिवंत माणूस काही मला सापडलेलं नाही. लोणावळ्यात आता एकट्या माणसाला टांग्यात बसू देत नाहीत. डोंगर पोखरून बंगला बांधा, भर चौकात गाडी आडवी लावून वडापाव खा, कुणी हटकत नाही. पण बागेतल्या टांग्याच्या खिडकीशी एकटं उभं राहून बघा. "दोघांचं कम्पल्सरी आहे, मॅडम," खिडकीतली मुलगी म्हणाली. म्हटलं, दुसरं माणूस आणू कुठून? "ते तुमचं तुम्ही बघा. सिस्टिम एक घेतच नाही." शेवटी दोन तिकिटं काढली. दुसऱ्या तिकिटावर नाव आणि वय घालणं भाग होतं. मी तुमचं नाव घातलं. वयापाशी जरा अडखळले, मग तुम्ही गेलात तेव्हाचंच सांगितलं. मुलीनं आडनाव बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "धाकटे भाऊ का?" मी हो म्हटलं. त्यात खोटं काय होतं? वडील असलात तरी भाऊच म्हणायचो आम्ही तुम्हाला, आणि आता माझ्याहून धाकटेही आहात.

बाग भलीमोठी आहे, तळ्याच्या कडेनं पार लांबवर गेलेली. आपण आता शहर झालोत, आणि शहराला बाग लागते. मी तिथं चालायला जाते, डॉक्टरांचा हुकूम म्हणून. शेवटच्या वर्षात तुमचं एवढं वजन गेलं कुठं, असं आई फार दिवस विचारायची. ते मला सापडलंय, भाऊ. मी ते नीट सांभाळलंय. तर त्या बागेत हा टांगा फिरतो: पांढरा रंग, प्लॅस्टिकची फुलं, दिव्यांच्या माळा, एखाद्या लग्नातून पळून आल्यासारखा. टांगेवाला कुरवंड्याकडचा. "दुसरं मानूस कुटंय, मावशी?" म्हणाला. त्याच्या मिशा माझ्या केसांहून पांढऱ्या, तरी मावशी मीच. "येईल," म्हटलं आणि सवयीनं मागच्या बाजूला चढले, घोड्याकडं पाठ करून. टांगा माझ्याकडं कलला. घोडा पाय झाडायला लागला आणि हा ओरडला, "उतरा, उतरा! उलार झाली गाडी! हितं पुढं या, माज्याशेजारी."

उलार. मागं भार जास्त झाला आणि पुढचं वर उचललं गेलं की गाडी उलार होते. हा शब्द मी लहानपणी शेवटचा ऐकला होता, त्यानंतर आत्ता.

बाजाराच्या दिवशी कुरवंड्याहून आपण टांग्यानं यायचो. तुम्ही कायम पुढं, टांगेवाल्या आबांच्या शेजारी, कारण तुमच्या वजनाशिवाय गाडीला तोल नव्हता. आबा म्हणायचे, "भाऊ, तुमी हायसा म्हून मागं लेकीबाळी निवांत." आई आणि मी मागं. म्हणजे टांग्यात मी तुम्हाला कधी बघितलंच नाही. तुमची पाठ माझ्या पाठीला लागलेली, समोर मागं पडत जाणारा रस्ता, आणि तुमचा आवाज कायम पाठीमागून. चिक्कीच्या भट्टीचा वास सदऱ्यातून यायचा. मी मान वळवली की न बघताच तुम्हाला कळायचं. "ए, मागं वळू नको. गाडी हलती." उतरलं की तुम्ही खिशातून गुळाचा खडा काढून घोड्याला द्यायचा, आणि खडा संपला तरी घोडा तुमचा तळहात चाटत राहायचा. भट्टीवरच्या माणसाच्या हाताला गूळ कधी सुटत नाही, असं तुम्ही म्हणायचा.

मग तो दिवस. तुम्ही बरेच दिवस कामावर गेलेले नाहीत. पुण्याच्या इस्पितळात दाखवायचं ठरलंय, स्टेशनवर जायला टांगा दारात आहे. आई आणि मी मागं बसतो. तुम्ही पुढं चढता. आणि टांगा आमच्याकडं कलतो. मला ते पोटात कळतं, झोका मागं गेल्यासारखं. आई माझा हात धरते. आबा उतरतात, गवताचं पोतं आणून तुमच्या पायाशी टाकतात आणि म्हणतात, "पट्टा नवा हाय, भाऊ. अजून बसला न्हाई." पाठीमागून तुमचा आवाज येतो, अगदी नेहमीचा. "व्हय की. नवाच दिसतोय." स्टेशनवर उतरल्यावर घोड्यानं तुमच्या खिशाला नाक लावलं. खिसा रिकामा होता. तुम्ही त्याच्या कपाळावर हात ठेवलात. "उधार ऱ्हाऊ दे, राजा. परत आल्यावर देतो." मी घोड्याच्या पोटाखाली बघितलं. पट्टा जुनाट होता, सुतळीनं दोनदा शिवलेला.

तुम्ही परत आला नाहीत. आई पुढं सगळं आयुष्य एका वाक्यावर जगली: "त्यांना काही कळलं न्हवतं, तेवढंच बरं झालं." येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मग स्वतःलाच सांगायची. मी कधी मोडता घातला नाही. पण मला ते पटत नव्हतं, आणि खोडूनही काढता येत नव्हतं. त्या दिवशी तुमचा चेहरा मला दिसला असता तर कळलं असतं. पण माझी पाठ होती, आणि वळायची बंदी.

परवा मी तुमच्या जागी बसले. मागचा रस्ता नाही, समोरचा. आणि अगदी गुडघ्यांपासून निघून घोड्याच्या दोन अंगांनी गेलेल्या दोन दांड्या. टांगेवाल्याला विचारलं, गाडी उलार झाली हे पुढं बसणाऱ्याला कळतं का हो? तो हसला. "आवं, हितं बसल्यावर दुसरं दिसतंय काय? दांड्या वर उटल्या की मागं भार, दाबल्या की पुढं. पोटाखालचा पट्टा ताणतोय ते बी दिसतंय. आंधळ्याला कळंल." म्हणजे आम्हाला नुसता झोका कळला, तुम्हाला दांड्या उठताना दिसल्या. इतकी वर्षं ज्या दांड्या तुम्ही बसलात की जागेवर यायच्या, त्या आल्या नाहीत. डॉक्टरांच्या आधी तुम्हाला टांग्यानं सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, नवाच दिसतोय. आबांसाठी नव्हे. मागं बसलेल्या दोघींना ऐकू जावं म्हणून.

तळ्याला अर्धा फेरा झाला तेव्हा टांगेवाला दांड्यांकडं बघायला लागला. मग म्हणाला, "ह्यो काय परकार हाय? आपुन दोघं पुढं, मागं कोन न्हाई. समदा भार घोड्याच्या पाटीवर यायला पायजे. मी म्हनत हुतो, म्होरं दगूड बघून मागं ठिवू. आन ही बघा, कशी सरळ चाललीया." त्यानं वळून मागच्या सीटकडं बघितलं. मग माझ्याकडं. "दुसरं तिकीट कुनाचं हुतं, मावशी?"

"भावाचं," म्हटलं.

हे पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्न नाही, पाठवायचंच नाही. आई असती तर तिच्या हाती लागेल म्हणून लिहिलंही नसतं. पण एक सांगून टाकते. मी मागं वळले नाही, भाऊ. गाडी हलेल म्हणून नव्हे. सीट रिकामी दिसली असती.

आज सकाळी डब्यातला गुळाचा खडा रुमालात बांधून नेला. टांगेवाला म्हणाला, "आज फेरा न्हाई व्हय?" म्हटलं, नाही, जुनं देणं आहे, आणि हात घोड्यापुढं धरला. गूळ संपला. तरी तो बराच वेळ माझा तळहात चाटत राहिला.