अमेरिकावाल्या आबांच्या जयंतीची वरण-बट्टी

एरंडोल,
पितृपक्षातला गुरुवार

प्रिय प्रमिलाअक्का हिस,

रत्नाचा साष्टांग नव्हे, साधा नमस्कार. (तू माझ्यापेक्षा सातच महिन्यांनी मोठी आहेस. होस्टेलवर सगळ्याजणी तुला अक्का म्हणत म्हणून मीही म्हणू लागले आणि पंचेचाळीस वर्षांत ती सवय सुटली नाही. याचा अर्थ मी तुझं सगळं ऐकते असा घेऊ नये.) गुडघा कसा आहे? मी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, त्यामुळे दुखतच असेल. भाऊसाहेबांची साखर, तुमची म्हैस, पिंपळनेरचा पाऊस हे सगळं ठीक आहे असं धरून चालते. इकडे मी उत्तम. कपाशी बरी आहे आणि माझे दात जागेवर आहेत. पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा लाव आणि पाठ टेकून बस.

आमच्या वाचनालयाचा वरचा हॉल तू पाहिला आहेस. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मी त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आले आणि तेव्हापासून अध्यक्ष लीलाधरशेठ यांना सुखाची झोप नाही. (हे वाक्य लक्षात ठेव.) शेठचं म्हणणं असं की हॉल रिकामाच असतो, तर तो दर महिन्याला साड्यांच्या सेलला द्यावा. मी म्हटलं, पुस्तकांच्या डोक्यावर साड्या नाचणार नाहीत. ते म्हणाले, "ताई, मग पुस्तकासाठी शंभर माणूस या हॉलात बसवून दाखवा. नाही बसला तर दिवाळीपासून सेल." मी होकार दिला. असा होकार मी एकदाच दिला होता, लग्नाच्या वेळी, आणि तेव्हाही पुढचा विचार केला नव्हता.

आता शंभर माणूस जमवायचा तर जयंती करावी लागते, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. पण जयंती कोणाची? आपल्या भागात ज्याच्या त्याच्या जयंतीला ज्याचं त्याचं मंडळ आहे, मिरवणूक आहे आणि कानठळ्या बसवणारा डीजे आहे. एकाची केली की दुसरा रुसतो. म्हणून मी ठरवलं की तालुक्यात ज्याचं एकही घर नाही असा माणूस घ्यायचा. असा मला एकच ठाऊक होता, तो म्हणजे आपल्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ज्याची कादंबरी होती तो अमेरिकन. (नाव लिहीत नाही. तुला पाठ आहे, आणि इथे ते कुणालाच म्हणता आलं नाही.) चौकशी केली तर त्याच्या जन्माला नेमकी दोनशे वर्षं होत होती आणि तारीख आपल्या बाजाराच्या दिवशीच येत होती. इतकी सोय तर स्वतःच्या नातेवाइकांनीही कधी माझी केली नव्हती.

आमचे ग्रंथपाल तोताराम निमंत्रणपत्रिका घेऊन बाजारपेठेत फिरले आणि तोंड पाडून परत आले. चाळीस दुकानांत एकच प्रश्न. "समाज कोणता?" ते म्हणत, अमेरिकन. लोक विचारत, "मग आपल्याकडे घरं किती?" घर एकही नाही म्हटल्यावर लोक पत्रिका हळहळत परत देत, जणू बिचाऱ्याला खांदा द्यायलाही कोणी नाही. एकानं तर मोठ्या मनानं सांगितलं, "आपला समाज उदार शे, तुम्हाले चालस व्हई तर आमनात लिही टाका." ज्या कारणासाठी मी हा माणूस निवडला, त्याच कारणानं त्याच्या जयंतीला कुत्रं फिरकणार नव्हतं. कोणाचाच नसलेला माणूस सगळ्यांचा होईल हा माझा हिशेब साफ चुकला. (हे मी फक्त तुला लिहिते आहे. शेठना कळवू नये.)

तेव्हा मी स्वतः बाहेर पडले. पहिलंच दुकान कय्युमभाईंच्या गाद्यांच्या कारखान्याचं. त्यांच्यापुढे मी पत्रिकेवरचा परिचय खणखणीत वाचला आणि त्यात एक ओळ अशी होती की लेखक तरुणपणी नऊ वर्षं एका गोदामात कापूस तोलायच्या कामावर होता. कय्युमभाईंनी हातातला दाभण खाली ठेवला. "पहले क्यों नहीं बोले, ताई? कपास का आदमी तो अपना आदमी!" त्यांनी तिथूनच कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या हमालांना फोन लावला. तासाभरात तिथली पाच माणसं वाचनालयाच्या पायरीवर हजर. फोटो पाहिला. पांढरी दाढी, खोल डोळे, अंगात जाड कोट. त्यांच्यातला वयस्कर जीवराम म्हणाला, "हाऊ आबा तर पक्का आपला शे. कापूस तोली तोली डोयाबी तश्याच व्हयेल शेतस." झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव अमेरिकावाले आबा. आडनावाची कटकट मिटली.

फ्लेक्सचं काम कय्युमभाईंच्या पुतण्यानं, अतिकनं, फुकट केलं. मी बजावलं होतं की शुभेच्छुकांचं एकही डोकं दिसता कामा नये. त्यानं शब्द पाळला. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर शुभेच्छुक नव्हते. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आबा होते आणि उरलेल्या दहा फुटांत मी होते, निवृत्तीच्या दिवशीचा हार घालून, हात जोडून. अनोळखी माणसाला वाटावं की आबांनी माझी जयंती ठेवली आहे. मी तोतारामांना शिडीवर चढवून माझ्या तोंडावर पांढरा कागद चिकटवायला लावला. आता चौकात एक हार घातलेला कागद येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करतो.

आता मुख्य दिवस. जयंती म्हटलं की जेवण आलं. जेवण हमालांनी अंगावर घेतलं आणि खान्देशात हमालांनी जेवण घेतलं म्हणजे वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार. प्रश्न एवढाच होता की जेवण आधी की भाषण आधी. मी म्हटलं, भाषण आधी, नाहीतर माणसं हात धुऊन पसार होतील. तोताराम (एरवी ते माझ्यापुढे बोलत नाहीत) म्हणाले, "ताई, भाषण आधी ठेवलं तर माणसं जेवायच्या वेळेलाच येतील. आणि बट्टी खाल्लेला माणूस उठून जात नाही." मला ते शास्त्रीय वाटलं. कय्युमभाईंनी खुर्च्या काढायला लावल्या. आबांच्या जयंतीला माणूस लोखंडावर बसणार नाही, कापसावरच बसेल, असं म्हणून त्यांनी हॉलभर नव्या गाद्या घातल्या आणि भिंतीला लोड लावले. खिडक्यांना ऊन लागतं म्हणून पडदेही सोडले. तुला पुढचं दिसायला लागलं असेल. मला दिसलं नाही.

बाजाराचा दिवस, भाद्रपदाचं ऊन, फुकट बट्टी आणि सावलीतली मऊ गादी. अक्का, एकशे त्रेसष्ट माणसं! लीलाधरशेठ दारात उभे राहून स्वतः मोजत होते आणि प्रत्येक शेकड्याला त्यांचा चेहरा पडत होता. (शेकडा एकच झाला, पण चेहरा दोनदा पडला.) मग त्यांनाही कोणीतरी चार बट्ट्या वाढल्या आणि पुढच्या रांगेतला लोड दिला. मी आबांच्या फोटोला हार घातला, माईक हातात घेतला आणि "बंधुभगिनींनो" म्हटलं. भगिनी हा शब्द पूर्ण होईपर्यंत मागची रांग आडवी झाली होती. कादंबरीच्या पार्श्वभूमीवर आले तेव्हा मधली गेली. मी आवाज चढवला. आठवीच्या वर्गाला जागं ठेवणारा माझा आवाज तुला माहीत आहे, पण भूगोलाच्या तासाला मुलांच्या पोटात तूप नसतं. शेवटी शेठ स्वतः लोडावर कलले आणि असे घोरू लागले की माईकनं ते टिपलं. एकशे त्रेसष्ट माणसांपैकी एकशे बासष्ट झोपली. मी भाषण थांबवलं नाही. मी माझं काम अर्धं टाकत नाही.

जागी राहिली ती एकटी बेबाबाई. कासोद्याच्या बाजूनं मिरच्या विकायला येते, पन्नाशीची, किडकिडीत, बोलायला तिखट. ती गादीवर बसलीच नव्हती. टोपली मांडीवर घेऊन दाराशी बसली होती, टक लावून. मी तिच्याकडे पाहूनच सगळी गोष्ट सांगितली. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यानं तोडलेली ती मुलगी, सात वर्षांनी बर्फातून चालत बापाच्या दाराशी येते, हात वर करते, दार ठोठावते आणि आत पावलं वाजतात. इथे मी थांबले आणि थोर साहित्य, मानवी मूल्यं वगैरे सुरू केलं. बेबाबाई उठून उभी राहिली. "ताई, ते ऱ्हाऊ द्या. बापनी दार उघाडं का नही?"

मी म्हटलं, वेळ संपली.

सहा वाजता शेठ जागे झाले. डोळे चोळत म्हणाले की इतकं शांत सभागृह त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शब्दाला जागून सेल तूर्त मागे घेतला. पण तिथेच बेबाबाईनं "उरेल गोष्ट कव्हय?" असं सगळ्यांदेखत विचारलं, हमालांनी टाळ्या वाजवल्या (झोपून ताजे झाले होते) आणि कार्यकारिणीनं ठराव केला की दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी रत्नाताईंनी कादंबरीचा उत्तरार्ध सांगावा. या वेळी बट्टी नाही, गाद्या नाहीत. शेठनी हळूच जोडलं की तो कार्यक्रम झाला नाही तर सेलचा विषय पुन्हा घेता येईल. एकूण जयंती यशस्वी झाली. हे तुला कळावं एवढ्याचसाठी पत्र लिहिलं, बाकी काही काम नाही. भाऊसाहेबांना नमस्कार, म्हशीला वेळेवर पाणी.

तुझी,
रत्ना

ता. क. काम आहे. मला उत्तरार्ध माहीत नाही. ती कादंबरी मी एकशे बारा पानांपर्यंतच ऐकली आहे. ऐकली, कारण होस्टेलवर तू मोठ्यानं वाचायचीस आणि मी दोघींच्या साड्यांना इस्त्री करायचे. मुलीनं दार ठोठावलं, आत पावलं वाजली आणि दुसऱ्या दिवशी तुझे वडील तुला न्यायला आले, कारण तुझं लग्न ठरलं होतं. पुस्तक तुझ्या ट्रंकेतून पिंपळनेरला गेलं. परीक्षा मी गाइडवर पास झाले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि शाळेत मी धडा न वाचता आलेल्या मुलांना बाकावर उभं केलं आहे.

ता. क. दुसरा. माझी भाची म्हणते, मोबाइलवर शेवटचं पान दोन मिनिटांत काढून देते. मी तिला स्वयंपाकघरात पाठवली. पंचेचाळीस वर्षं थांबले ते शेवट असा मागच्या दारानं ऐकायला नाही. तू पुस्तक घेऊन ये आणि एकशे तेराव्या पानापासून मोठ्यानं वाच. साड्या मी काढून ठेवल्या आहेत. कय्युमभाईंनी एक गादी तुझ्या गुडघ्यासाठी मागे ठेवली आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बेबाबाई आली. बाजाराचा दिवस नसताना. तिची रूपा चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीनं लग्न करून सुरतला गेली, तेव्हापासून मायलेकींत बोलणं नाही, हे मला आजच कळलं. म्हणाली, "ताई, तो बाप काय करी ते करो. मी काल फोन लाया. पोर दसराले येई ऱ्हायनी." एवढं बोलून पाव किलो मिरच्या ठेवल्या आणि निघाली. पायरीवरून वळून म्हणाली, "पन त्यानी दार उघाडं का नही, ते मले आयकनं शेच." रूपालाही घेऊन येणार आहे. तेव्हा गुडघ्याची सबब चालणार नाही.