कोरममधली बेचाळीस माणसं

३ जून, सोमवार

झाले मी सचिव! संगणक कर्मचारी संघाची. निवडणूक वगैरे काही नाही. बैठक चालू असताना फोन आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर चौघे जण टाळ्या वाजवत होते. घोंगडं गळ्यात पडायला तीन मिनिटं पुरली.

अध्यक्षकाकांनी किल्ली दिली. संस्थापकांपैकी हे एकटेच उरलेत, वय ऐंशीच्या घरात. म्हणाले, "तुम्ही टेस्टर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. इथे भरपूर सापडतील."

खोली तिसऱ्या मजल्यावर, दंतवैद्याच्या शेजारी. दोन टेबलं, एकात एक अडकवलेल्या अकरा खुर्च्या, न उघडणारी खिडकी. एक कपाट — त्याची किल्ली वेगळी, ती कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

५ जून, बुधवार

नियमावली वाचली. वार्षिक सभेला एक तृतीयांश सदस्य हवेत. सह्या मोजायच्या, डोकी नाही — असं चक्क लिहिलंय. लागोपाठ तीन वर्षं कोरम झाला नाही तर संघ आपोआप बरखास्त. दोन वर्षं झालेला नाही. यंदाची सभा ३० जूनला. यादीत दोनशे चाळीस नावं, म्हणजे ऐंशी माणसं हवीत. गेल्या वर्षी एकतीस आली होती. त्यातले दोघे दंतवैद्याचे पेशंट, बसायला खुर्ची मिळाली म्हणून थांबलेले.

दुपारपर्यंत वाटत होतं, मेला तर मेला संघ. कुणाचं काय अडलंय? मग केबलराणी आली.

केबलराणी म्हणजे एका मालवाहतूक कंपनीचं नेटवर्क सांभाळणारी. हातांवर कायम ओरखडे. मागच्या महिन्यात त्यांचं नेटवर्क दिवसभर बंद पडलं. आता साहेबांनी टाइप केलेला कबुलीजबाब पुढे ठेवलाय — चूक माझी, राजीनामा देत आहे. सही करायला मुदत दहा जुलै. ती म्हणते सेटिंग तिने बदललंच नव्हतं; कुणी बदललं ते मशीनच्या नोंदीत, लॉगमध्ये, असणार.

"लॉग मागितले तर म्हणतात, तुला कशाला? संघाचा तपासनीस गेला तर मात्र द्यावेच लागतात, ताई. करारात आहे तसं."

तपासनीस पाठवायला वार्षिक सभेची मंजुरी लागते. सभेला कोरम लागतो. तिने सगळं आधीच वाचलेलं.

"संघच नसला तर मी कुणाच्या जिवावर भांडू?"

मी म्हटलं, बघू.

९ जून, रविवार

फोन. एकूण बावन्न.

"संघ? अजून आहे?"

"मी आता रोपवाटिका चालवतो. कॉम्प्युटर पाहिला की डोकं दुखतं."

"रविवारी? रविवारी मी माझ्या बायकोचाही नसतो."

एका बाईंनी फोन उचलला. "हे गेले मागच्या वर्षी. तुमच्या संघाच्या मेल येतात अजून. मी बंद केल्या नाहीत." मी सभेचं काही बोललेच नाही.

नाव यादीतून काढायला सभेचा ठराव लागतो, आणि सभेला कोरम लागतो! म्हणजे गेलेला माणूससुद्धा आपल्या विरुद्ध मोजला जातो. आमच्यासारख्या तर्कशुद्ध लोकांनी बनवलेली नियमावली ही.

येतो म्हणालेले: एकोणीस. त्यातले खरे येणारे देव जाणे.

१४ जून, शुक्रवार

केबलराणी रोज ऑफिस सुटल्यावर येते. तिने उरलेली यादी संपवली. येणारे साठच्या पुढे गेले! तिचा चिवटपणा मला जमणार नाही. एकाकडे तर दारात जाऊन उभी राहिली म्हणे, आणि त्याने येतो म्हटल्याशिवाय हलली नाही.

पण बेचाळीस नावांपुढे लाल फुली. फोन नंबर अस्तित्वातच नाहीत. पत्ते आहेत, पण त्या पत्त्यांवर ती माणसं कधी राहिलीच नाहीत. कुणी त्यांच्यासोबत काम केलेलं नाही. "भुतं भरलीत का यादीत?" म्हणाली.

१६ जून, रविवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

चहा घेताना ती बेचाळीस नावं यांना वाचून दाखवत होते. म्हटलं, कुणी ओळखीचं निघालं तर बघा. सातव्या नावाला यांनी कप खाली ठेवला.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"अगं, हे आमच्या मावशीचे यजमान. पैलवानकाका! त्यांचं खरं नाव हे."

"ते कधी कॉम्प्युटरमध्ये होते?"

"त्यांना टीव्ही चालू करता यायचा नाही! आणि आठवं नाव आत्याच्या दिराचं. नववा आमचा शिंपी." मग हसायलाच लागले. "ही तर आपल्या लग्नाच्या आमंत्रणाची यादी आहे. आईने केलेली. त्याच क्रमाने!"

यांचं हसू थांबेना. मी यादी मिटून ठेवली.

बारा वर्षांपूर्वी संघाच्या सदस्य-नोंदणीचा प्रोग्रॅम मीच लिहिला. फुकट, हौसेने. तपासायला खोटे सदस्य हवे होते. 'अबक', 'कखग' अशी नावं टाकणारी टेस्टर मी नव्हे — डेटा खऱ्यासारखा हवा! म्हणून ड्रॉवरमधली लग्नाची यादी काढली आणि बेचाळीस पाहुणे भरले, पत्ते-नंबर मनाने घालून. शुक्रवारी तपासणी संपली. सोमवारी पुसून मग चालू करायचं होतं. सोमवारी मुलीला ताप, मी घरी. कुणीतरी तसंच चालू केलं. मंगळवारी मला वाटलं, पुसलेत. मी बघितलंही नाही.

बारा वर्षं पैलवानकाका संघाचे सदस्य आहेत. ठरावाने काढला नाही तर संघात एकदा सदस्य तो कायमचा.

१७ जून, सोमवार

खोलीत एकटी बसले होते. बेचाळीस ओळी निवडल्या. एक बटण दाबलं की संपलं. पुसल्याची नोंद राहत नाही — मीच ठेवली नव्हती तशी सोय. यादी एकशे अठ्ठ्याण्णवची होते. ऐंशीऐवजी सहासष्ट पुरतात. संघ वाचतो, केबलराणी वाचते, माझी झाकली मूठ.

शेजारी दंतवैद्याचं यंत्र घुं घुं करत होतं. मी बटण दाबलं नाही. का नाही, ते आज सांगता येत नाही. उद्या दाबीन म्हणून मशीन बंद केलं.

१९ जून, बुधवार

आता सांगता येतं.

आठ वर्षांपूर्वी अशीच एक सभा पडली होती. तेव्हाही मी इतिवृत्त लिहायला होते. आज ते काढून वाचलं.

बॅकअपभाऊंची सभा. एका विमा कंपनीत डेटाचा बॅकअप त्यांच्याकडे. एके दिवशी सगळा डेटा गेला आणि बॅकअप रिकामा निघाला. ते म्हणत होते, धोक्याची सूचना देणारा मेल वरूनच बंद केला होता, लॉग बघा. तपासनीस पाठवायचा ठराव सभेपुढे होता. यादीत दोनशे बावन्न, हवे होते चौऱ्याऐंशी. उपस्थित सत्तर — माझ्या अक्षरात, नावांसकट. सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात त्यांनी कबुलीजबाबावर सही केली. नोकरी गेली, आणि या धंद्यातून नावही गेलं.

दोनशे बावन्नमधून माझे बेचाळीस वजा करा. दोनशे दहा. एक तृतीयांश — सत्तर.

सत्तर हवे होते आणि सत्तर होते.

तीनदा केलं गणित. त्या दिवशी ते मला जिन्यात दिसले होते, तोंडावर नुकतं पाणी मारलेलं. मी म्हटलं होतं, "चला वर, होईल सगळं." आणि पुढे गेले होते, उशीर झाला म्हणून.

२२ जून, शनिवार

पत्ता शोधून गेले. जुने कॅमेरे दुरुस्त करतात आता. हातभर रुंदीचं दुकान. टेबलावर कापड, कापडावर स्क्रू — लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीत. केस पार पांढरे झालेत. मला ओळखलं. बसा म्हणाले नाहीत, बसायला जागाही नव्हती.

उभ्यानेच सांगितलं सगळं. लग्नाची यादी, सोमवार, ताप. तयारी करून गेले होते तरी वाक्यं सांडत होती. ते मान खाली घालून स्क्रू काढत राहिले. सत्तर हवे होते, सत्तर होते, असं म्हणाले तेव्हा मात्र हात थांबला.

"सत्तर? सह्या मोजल्यात?"

"इतिवृत्तात आहे."

पुन्हा स्क्रू काढायला लागले. मी म्हटलं, शिव्या द्या, काहीतरी बोला. म्हणाले, "मॅडम, या कॅमेऱ्याची स्प्रिंग उडाली तर दिवसभर सापडत नाही. जरा थांबा." मी थांबले. स्प्रिंग बाहेर आली. मग म्हणाले, "सभा कधी आहे?"

सांगितलं.

"बघतो."

घरी येताना रडू आलं, रस्त्यातच. आठ वर्षं हा माणूस कोपऱ्यात बसून स्क्रू मोजतोय आणि मी तेवढ्यात दोन बढत्या घेतल्या.

२३ जून, रविवार

यांचं म्हणणं — "हात दाखवून अवलक्षण! पूस आणि मोकळी हो." केबलराणीला सांगितलं तर तिने यादीवरच्या लाल फुल्या पुन्हा मोजल्या. मग, "आणि संघाने तुम्हालाच काढलं तर?" मी म्हटलं, काढायलाही कोरम लागतो. दोघी हसलो. तिचं हसू आधी थांबलं.

अध्यक्षकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "नसलेल्या माणसाला काढायला ठराव लागत नाही. पण सभेत सांगावं लागेल. उभं राहून." मग कपाटाची किल्ली दिली. इतकी वर्षं त्यांच्याच खिशात होती! विसरले होते म्हणे.

३० जून, रविवार

खुर्च्या कमी पडल्या. दंतवैद्याने त्याच्या आणून दिल्या, वर स्वतः दारात उभा राहून ऐकत होता. रोपवाटिकावाला आला. ज्यांचे यजमान गेले त्या बाईसुद्धा आल्या, फक्त बसायला.

मी आधी उभी राहिले. कागदावरून वाचलं, नाहीतर जमलं नसतं. बेचाळीस नावं एकेक करून वाचली. पैलवानकाकांपाशी कुणीतरी मागून फिसकन हसलं आणि मला बरं वाटलं. आठ वर्षांपूर्वीच्या सभेचं वाचताना कुणी हसलं नाही. एक जण उठून म्हणाला, "त्या माणसाचा संसार मोडला, बाई." मी म्हटलं, हो. तो उभाच राहिला, मी अजून काहीतरी म्हणीन म्हणून. मी कागद घडी करून खाली बसले.

बॅकअपभाऊ आले होते. कधी आले ते कळलं नाही. शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी.

सह्या एकाहत्तर. हवेत सहासष्ट. अध्यक्षकाकांनी दोनदा मोजल्या, बोट लावून. संघ जिवंत!

केबलराणीसाठी तपासनीस पाठवायचा ठराव एकमताने. पण जाणार कोण? लॉग वाचायला वेळ कुणाला आहे? मागून आवाज आला. "मी जातो. मला वेळ आहे."

आठ वर्षांपूर्वीच्या त्या सभेची चौकशी व्हावी, असाही ठराव झाला. माझी, म्हणजे. तीही बॅकअपभाऊंनीच मागून घेतली. कुणी हरकत घेतली नाही, मी कोणत्या तोंडाने घेणार? जाताना म्हणाले, "कपाटातली त्या वर्षीची सह्यांची वही द्या." दिली. वहीला वाळवी लागली नव्हती, नशीब.

९ जुलै, मंगळवार

केबलराणीचा फोन. नुसती ओरडत होती, आधी काही कळेना. बॅकअपभाऊ तीन दिवस त्यांच्या ऑफिसात बसले. ओळ सापडली — सेटिंग साहेबांच्या खात्यातून बदललं होतं. कबुलीजबाब परत घेतलाय. साहेब रजेवर गेलेत.

"ताई, ते एक शब्द जास्त बोलले नाहीत. लॉगवर बोट ठेवलं आणि चहा मागितला."

माझ्या चौकशीचं अजून काही नाही. विचारायची हिंमत होत नाही.

२१ जुलै, रविवार

दाराखालून पाकीट आलं. संघाचा कागद, चार ओळी.

'सह्यांची वही तपासली. सह्या एकोणसत्तर. इतिवृत्तात सत्तरावं नाव माझं आहे, पण वहीत माझी सही नाही. मी जिन्यातूनच परत गेलो होतो, लोकांना तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. आपली बेचाळीस माणसं यादीत नसती तरी ती सभा एका सहीने पडली असती.'

खाली त्यांची सही. पूर्ण नावाची, तारखेसह.