मधल्या नावाचे वडील

३ ऑक्टोबर १९९९, रविवार
तिसरी सीडी आज कुरिअरने अमेरिकेला गेली. तिकडच्या एका काउंटीची जुनी दप्तरं. शिरगणतीची पानं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, दफनाच्या याद्या. ती तिकडे स्कॅन होतात आणि इकडे दुबईत, देऱ्याच्या ऑफिसात आम्ही चौघी बघून बघून टाइप करतो. मी सुपरवायझर, म्हणजे टाइप करायचंच, शिवाय बाकीच्यांचं तपासायचं. काउंटी म्हणायचा कंटाळा आला म्हणून मी 'तालुका' म्हणायला लागले. आता केरळची लिसीसुद्धा तालुकाच म्हणते.

परत येताना शारजापर्यंत पावणेदोन तास. व्हॅनमध्ये सगळ्या झोपलेल्या. मीही.

९ ऑक्टोबर, शनिवार
चौथी सीडी सुरू. तालुक्याची पहिली पानं बघताना नेहमी हसू येतं. जन्मस्थळाच्या रकान्यात एकही माणूस तिथला नाही. सगळे कुठून कुठून आलेले. आमच्या बिल्डिंगसारखंच. मग पुढच्या पानांवर पोरं तिथेच जन्मलेली. मग धंद्याच्या रकान्यात गिरणी, गिरणी, गिरणी. आणि मग पानंच पातळ होत जातात. गिरणी बंद पडली असावी, कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण कळतं. एका गावाच्या शेवटच्या पानावर फक्त म्हातारी माणसं. ते पान टाइप करायला पाच मिनिटं पुरली. वाईट वाटलं.

आणि एक गंमत. या तालुक्यात वॉशिंग्टन नावाचे बाप फार. लिसीला म्हटलं, एकाच काळात सगळ्यांना एकच नाव कसं सुचलं?

१५ ऑक्टोबर, शुक्रवार
हे काल संध्याकाळी खोर फक्कानहून आले. पोर्टवर टॅली क्लार्क, म्हणजे जहाजावरचा माल मोजून लिहिणारे, आठवड्यातून एक दिवस घरचे. सुरमई आणली. ती साफ करण्यात माझी सुट्टी गेली, खाण्यात यांची. दुपारी दोघंही पंख्याखाली आडवे. मी म्हटलं, "अजून किती वर्षं?" हे म्हणाले, "शलाकाचं कॉलेज होईपर्यंत." मागच्या वेळी शलाकाची बारावी होईपर्यंत होतं. भांडायचीसुद्धा ताकद नव्हती, झोपले.

१८ ऑक्टोबर, सोमवार
मिसेस डॉब्सचा फॅक्स. तालुक्याच्या इतिहास मंडळाच्या या बाई, काम त्यांचंच. पहिल्यांदाच काम सोडून काही लिहिलं आहे. कोणी मि. प्रॅट म्हणून ऐंशीच्या पुढचे गृहस्थ आहेत. आजोबा सायलस मार्शल प्रॅट यांच्यापलीकडे त्यांना घराण्याचं काही माहीत नव्हतं. आमच्या सीडीवर आजोबांच्या वडिलांचं नाव सापडलं. मार्शल. आजोबांची कबर इतकी वर्षं बिननावाची होती, आता दगड करायला टाकला आहे. नाव, आणि खाली 'मार्शल यांचा मुलगा'. नोव्हेंबरअखेर सगळं घराणं जमणार तेव्हा बसवतील. 'तुमच्या मुलींना सांगा.'

सांगितलं. लिसीने फॅक्स दोनदा वाचला. आमचे मालक कामतसाहेब, त्यांनी फ्रेम करून लावायची भाषा केली. एवढ्या वर्षांत आमच्या टायपिंगमुळे कोणाचं काही भलं झाल्याचं पहिल्यांदाच कळलं. घरी येईपर्यंत पाय दुखले नाहीत.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार
फॅक्सची गोष्ट कौतुकाने घरी सांगत होते. शलाका टोस्ट खात होती.

"बट हाऊ डू यू नो मार्शल इज द डॅड?"

म्हटलं, अगं, मधलं नाव. सायलस मार्शल प्रॅट. म्हणजे मार्शलचा सायलस. जशी तू शलाका मुकुंद.

"ममा, दॅट्स अस. दे डोन्ट डू दॅट. इट्स जस्ट अ नेम." आणि खालच्या मजल्यावरच्या गोव्याच्या मिशेलचं उदाहरण. मिशेल रोझ डिसोझा. "हर डॅड इज नॉट रोझ."

हिचे बाबा हसले. मीही हसले. मग भाताचं पाणी ओसंडेपर्यंत तिथेच उभी राहिले.

२३ ऑक्टोबर, शनिवार
ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. डॉब्सबाईंची मूळ सूचना काढली. वडिलांचं नाव रजिस्टरात नसेल तर पानावरून उघड दिसत असल्यास भरा, नाहीतर कोरं ठेवा. उघड दिसतं म्हणजे काय ते ठरवलं मी. मधलं नाव ते वडिलांचं, पुरुषांपुरतं. बायकांची मधली नावं अ‍ॅन, मे, रोझ अशी यायची, तेव्हा ती लाडाची नावं असतील म्हणून सोडून दिली. म्हणजे समोर दिसत होतं. दिसूनही मला दिसलं नाही.

वॉशिंग्टन नावाचे ते सगळे बाप. मोठ्या माणसाचं नाव पोराला ठेवलेलं, बस. कोण बाप, कसला बाप.

किती ठिकाणी भरलं ते मोजायला घेतलं. तिसऱ्या रजिस्टरात थांबले.

लिसीला सांगितलं. तिला आधी चूकच कळेना. "दीदी, मेरे अप्पन वर्गीस, मैं लिसी वर्गीस. इसमें गलत क्या है?" खोलीतल्या एकीलाही शंका आली नव्हती. सगळ्यांच्या पासपोर्टात बाप आहे.

२५ ऑक्टोबर, सोमवार
कामतसाहेबांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वहिनी, डॉब्सबाईंकडून पुढच्या तालुक्याच्या कामाची सही याच महिन्यात व्हायची आहे. ती होऊ दे, मग हळूच करेक्टेड सीडी पाठवू. इन्शाल्ला."

"आणि दगड?"

"दगड आपण कोरतोय का? शंभर वर्षांपूर्वी गेलेला माणूस. त्याचा बाप मार्शल काय नि आणखी कोण काय."

मी उठले तेव्हा म्हणाले, "लिसीचा व्हिसा डिसेंबरात संपतो. त्या दोघींचे फेब्रुवारीत. काम नसेल तर कशावर रिन्यू करू, सांगा."

माणूस लबाड आहे, पण हे खोटं नव्हतं. माझं काय, मी यांच्या व्हिसावर. प्रामाणिक मी व्हायचं आणि घरी जायचं लिसीने.

३० ऑक्टोबर, शनिवार
काल यांना सगळं सविस्तर सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही केलेली टॅली मी आजवर एकदाही बदलली नाही. दोनदा बदलायला हवी होती." कुठली, कधी, ते सांगितलं नाही. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या सीडीवर मुलींना वडिलांचा रकाना कोरा ठेवायला सांगितलंय. कामतसाहेबांनी पाहिलं, चालू दिलं. काम निम्म्या वेळात होतंय. बापांत बराच वेळ जात होता तर.

१ नोव्हेंबर, सोमवार
डोकं दुखतंय. सही अजून नाही. डॉब्सबाईंचा फॅक्स, दगडाचं काम सुरू झालं, फोटो पाठवीन. कामतसाहेबांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला.

३ नोव्हेंबर, बुधवार
लिसीला व्हिसाचं सगळं सांगून विचारलं, डॉब्सबाईंना कळवू का? नाही म्हणाली असती तर मी सुटले असते. हो म्हणाली असती तरी. "आप बड़ी हो, आप देखो," म्हणाली आणि टाइप करत राहिली. आपण मोठं असण्याचा इतका वैताग मला कधी आला नव्हता.

तो म्हातारा डोळ्यांसमोरून जात नाही. कधी पाहिलेला नाही, तरी. ऐंशीच्या वर वय, तालुका रिकामा झालेला, आणि हा आजोबांसाठी दगड घडवतोय. त्या दगडावर मी मनानं काढलेला माणूस.

५ नोव्हेंबर, शुक्रवार
फॅक्स केला. ऑफिसातून नाही, खाली टायपिंग सेंटरवरून. शलाकाने इंग्रजी तपासून दिलं. माझ्या मसुद्यात पाच वेळा 'काइंडली' होतं, चार तिने काढली. आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्या समजुतीने मी भरलं, जिथे जिथे रजिस्टरात नाव नाही तिथलं सगळं चूक समजावं, दोष मुलींचा नाही, माझा आहे, एवढंच लिहिलं. मार्शलबद्दल वेगळी ओळ.

यांनी विचारलं, "कामतांना सांगितलंस?" नाही. शलाका म्हणाली, "आय ॲम प्राउड ऑफ यू, ममा." तिला लिसीचं काही माहीत नाही. मी सांगितलंही नाही. चहा प्यायले. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार
पहिली मीच पोचले. फॅक्सच्या मशीनमध्ये उत्तर येऊन पडलेलं. अर्धंच पान.

डॉब्सबाई लिहितात, रागावलेल्या नाहीत, पण मंडळापुढे ठेवावं लागेल, पुढच्या कामाचं आज काही सांगू शकत नाही. दगड कोरून झाला आहे. मि. प्रॅटना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, मग माझ्या आजोबांचे वडील कोण? 'ते तुम्हाला शोधता येईल का?'

रजिस्टर काढलं. प्रॅट, सायलस मार्शल. वडिलांचा रकाना कोरा. त्या कारकुनाला माहीत नव्हतं, त्याने प्रामाणिकपणे कोरा ठेवला होता. आधीच्या शिरगणतीत बघायला हवं, त्याच्याही आधीच्या. प्रॅट घराणी तालुक्यात पुष्कळ आहेत. सापडेलही. नाहीही सापडणार.

फॅक्स घडी करून पर्समध्ये घातला. पाच मिनिटांनी काढला, घडी मोडली आणि कामतसाहेबांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला. ते अजून यायचेत.

लिसी आली. डबा ठेवला, मशीन सुरू केलं, विचारलं, "दीदी, आज कौन सा रजिस्टर?"