जावईबापूंनी पुसलेलं उत्तर

चि. जावईबापू यांस सासऱ्याचे अनेक आशीर्वाद. आपली प्रकृती उत्तमच असणार. दुसऱ्यांचे प्रश्न पुसणाऱ्याला कसला त्रास? माझं म्हणाल तर छातीत धडधडतं, जेवण जात नाही, आणि दुकानात बँडवाले ठाण मांडून बसलेत. आपण फोन उचलत नाही, म्हणून हा मेल.

आपल्याच शब्दाखातर (जावयाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?) मी कपडे बेतायचं जुनं सॉफ्टवेअर सोडून आपल्या मंडळाचं फुकटचं, सर्वांसाठी खुलं असलेलं घेतलं. पण माझे सगळे खाके जुन्यात अडकले. ते इकडे आणायचे कसे, असं आपण पहारा देता त्या मंडळाच्या ऑनलाइन चर्चापीठावर जुन्याचं नाव घेऊन साधं विचारलं. कुणी भल्यानं ('टाचणी' या टोपणनावानं) उत्तरही दिलं. मी चष्मा शोधेपर्यंत दोन्ही गायब! खाली आपली सूचना : इथे प्रतिस्पर्ध्यांची चर्चा करू नये. बरोबरच आहे. खुलं म्हणजे दार खुलं, तोंड नव्हे. मग पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव टाळत, तसं 'आमचं पहिलं' असं लाजत लिहिलं, तर मलाच आठवड्याची बंदी. जाहिरात करतो म्हणे! (ज्याला सोडून आलो, त्याची?) अहो, आपल्याआधी मुलीला दोन स्थळं सांगून आली होती. त्यांची नावं मी आपल्यादेखत घेतली, तेव्हा आपण शांतपणे आणखी एक कप चहा मागितलात.

शेवटी बँडचे कोट अंदाजानं बेतले. बाहीचा मुंढा इतका तंग झाला की कर्णा हनुवटीच्या वर जाईना. ढोलवाला म्हणाला, "काका, ह्यात हात वर होत नाहीत. चोरानं धरलं तर शरण कसा जाऊ?" परवा त्यांचा कार्यक्रम आहे. उद्यापर्यंत जमलं नाही तर समोरच्या शिंप्याकडे जातो म्हणतात. (त्याचं नाव माझ्या दुकानात खुशाल घेतात. आमच्याकडे नियम कुठले!)

आपण मोकळ्या विचारांचे आहात, असं लग्नाच्या वेळी ऐकलं होतं. लोक काय, काहीही सांगतात.

आपला,
सध्या बंदीत असलेला सासरा

ता. क. : ते उत्तर परत लावायची तसदी नको. 'टाचणी' म्हणजे आपल्याच सौभाग्यवती. आतल्या खोलीत ती अजून ते जुनंच वापरते. फोनवर मला युक्ती सांगायला लागते, तेवढ्यात आपण येता, आणि ती म्हणते, "हो बाबा, इथेही फार उकडतंय."

आणखी एक : आज संध्याकाळी तासभर बाहेर फिरून या. एकटेच. आणि निघताना हे वाचलंच नाही असा चेहरा ठेवा, नाहीतर ती माझ्याशी बोलणं बंद करील. तिची बंदी आठवड्यात उठत नाही, हे आपल्याला मी काय सांगावं?