बुधवारच्या तलवारी

प्रिय शेंडेफळा,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोललेलं तुझ्या बाबांना पलीकडच्या खोलीतून ऐकू जातं. हल्ली त्यांचे कान फार तिखट झालेत. आणि मला जे विचारायचंय ते त्यांनी ऐकायला नकोय.

गेल्या खेपेला जाताना तू त्यांना जुन्या काळातल्या चिनी मारामारीच्या चित्रपटांची यादी करून दिलीस, बघण्यासारखे बारा, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला अचानक राजवाडे, तलवारी आणि छपरांवरून उडणारी माणसं कशाला हवीत? बरं, घरी टीव्हीवर बघा म्हटलं तर नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी मोठ्या पडद्यावर तुझ्या यादीतले दाखवतात, तिथेच जायचं. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट! माझ्याबरोबर भाजीला येताना बटणंसुद्धा वरखाली लागलेली असतात. मी येते म्हटलं, तर म्हणाले, तुला रक्त बघवत नाही. मला? तुझी फुटलेली हनुवटी पदराने दाबून दवाखान्यात कोण धावलं होतं?

त्यात ती वाचनालयातली बाई. दर मंगळवारी फोन करून गोड आवाजात सांगणार, काकांना म्हणावं, उद्या हेर राणीचा चित्रपट आहे, चुकवू नका. तू हसू नकोस. लग्नाला सदतीस वर्षं झाली म्हणून बायकोने डोळे मिटून बसावं, असं कुठे लिहिलेलं नाही.

शेवटी एका बुधवारी मी त्यांच्या मागोमाग गेले. तुझा जुना रेनकोट चढवला, टोपीसकट. बाहेर लख्ख ऊन होतं. दारात बाई उभीच होती. तिने यांचा दंड धरला, तीन पायऱ्या उतरवल्या आणि थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यानंतर ती आपल्या टेबलाशी गेली ती गेलीच. हे एकटेच बसले होते, मान एका बाजूला कलती करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. तलवारी चालल्या की सगळ्यांच्या आधी यांचं ‘वा!’. विनोद झाला की मात्र अख्खा हॉल हसून झाल्यावर हे हसायचे.

चित्रपट एका नावाड्याचा होता. बोलणं सगळं चिनी आणि अर्थ खाली ओळींमध्ये. खरं सांगू, मी कशासाठी आले तेच विसरले. ती नदी, ते धुकं, आणि एका वल्ह्याने तो सात शिपायांना पाण्यात लोळवतो ते काय गं! शेवटी आपल्या गुरूच्या थडग्यापुढे गुडघे टेकून रडतो आणि म्हणतो, गुरुजी, तुम्हाला मीच मारलं. मी रेनकोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि जवळच्या गल्लीने यांच्या आधी घर गाठलं.

चहा देताना साळसूदपणे विचारलं, आज काय होतं? यांनी रंगात येऊन सगळं सांगितलं. वल्हं, धुकं, सातच्या सात शिपाई. आणि शेवटी म्हणाले, मग नावाडी थडग्यापुढे शपथ घेतो, गुरुजी, तुम्हाला मारणाऱ्याला मी सोडणार नाही.

माझ्या हातात कप तसाच राहिला. आधी वाटलं, यांचं लक्ष त्या बाईकडे असणार. पण ती तर मागे टेबलाशी होती. मग दोन दिवस मी नुसती बघत राहिले. पाणी ओतताना पेल्यात बोट घालतात. पेपर रोज माझ्याकडून वाचून घेतात, चष्मा सापडत नाही म्हणून, आणि चष्मा खिशातच असतो. सहा महिन्यांपूर्वी दुकान बंद केलं तेव्हा म्हणाले होते, हल्ली घड्याळं घालतं कोण. मी मान डोलावली होती. नको तिथे संशय घेतला आणि हवा तिथे नाही.

मग तुझी यादी ड्रॉवरमधून काढली. तुझं अक्षर जन्मापासून मुंगीएवढं, शाळेत त्यापायी बोलणी खाल्लीस. आणि इथे दुकानाच्या पाटीसारखी जाड काळी अक्षरं? प्रत्येक नावापुढे शेरा, मारामारी भरपूर, बोलणं कमी. नावाड्याचा चित्रपट त्यात नव्हता, तो वाचनालयाने आपल्या मनाने लावलेला. चष्म्याचा नंबर काढून आणतो म्हणून तुम्ही दोघं डॉक्टरकडे गेलात आणि अळीमिळी गुपचिळी करून परत आलात, हो ना? वाचनालयातल्या बाईला कळतं आणि मला कळत नाही! फार राग आला. फार रडूही आलं. कळलं असतं तर मी त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, असंच म्हणाले असतील ना? नसतंच टाकू दिलं. ते मला ओळखून आहेत.

काल बुधवारी मी राजरोस त्यांच्याबरोबर गेले. आधीच सांगून टाकलं, त्या ओळी पुटपुटल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाहीत, तेव्हा चिडायचं नाही. आणि दोन तास त्यांच्या कानाशी पुटपुटले.  विनोद झाला तेव्हा ते हॉलबरोबर हसले. येताना भर रस्त्यात माझा हात धरला, जो सदतीस वर्षांत कधी धरला नव्हता, आणि म्हणाले, तो नावाड्याचा पुन्हा लावतील का विचार. बहुतेक माझा नीट बघायचा राहिला. विचारते म्हटलं. त्या बाईची मनातल्या मनात माफी मागितली आहे, उघड मागणार नाही.

हे पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहिते आहे, एकाच टेबलावर. काय लिहितेस, म्हणाले. सामानाची यादी, म्हटलं. त्यांनी कागदाकडे मान कलती केली आणि म्हणाले, साखर विसरू नकोस. म्हणून हे पत्र, पोरी. डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मला लिही, किती दिसतं आणि किती दिवस दिसेल. गुळमुळीत नको. आणि नवी यादी पाठव. आता बोलणं भरपूर असलेले चित्रपट निवड. अक्षर तुझं नेहमीचं चालेल, मुंगीएवढं. वाचणारी मी आहे.

तुझीच,
रेनकोटवाली आई