साहेबांचा पिंजरा

सोमवार, ता. ४

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण नसलीस तरी तू कळवणार नाहीस. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तुला ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की माझ्या घरातलं अख्ख्या जिन्याला कळतं. त्यापेक्षा कागद बरा. अक्षराला हसू नकोस, चौथीत शाळा सुटली तेव्हापासून ते तिथंच थांबलंय.

विशेष काही नाही. साहेबांना रात्री पिंजऱ्यात झोपायची सवय लावतोय. साहेब म्हणजे माझा कुत्रा, विसरली असशील. माझ्या खुर्चीत बसतो आणि उठवलं तर असा बघतो की मीच माफी मागतो, म्हणून साहेब.

झालंय असं, की मला काही रात्री बाहेर राहावं लागणार आहे. काम आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई त्याला ठेवून घेतील, पण त्यांची एक अट आहे. म्हणाल्या, "काका, दिवसा कुठंही हुंदडू दे. रात्री माझ्याकडे लोकांचे कपडे जमिनीवर पसरलेले असतात, टाचण्या असतात. रात्री तो बंद पाहिजे."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. पिंजरा आणा."

आणला. तारेचा आहे, घडी होते, कडी बाहेरून. कुत्र्यांच्या डॉक्टरांनी रीत सांगितली. आधी दार उघडं ठेवून खाणं आत द्यायचं. मग क्षणभर दार लावायचं. मग जरा जास्त. रडला तर उघडायचं नाही, गप्प झाला की उघडायचं. एवढंच.

आणि एवढ्यातच माझं घोडं अडलं. जन्मभर लिफ्ट चालवली गं मी. बेल वाजली की दार उघडायचं, हे हाडात शिरलंय. साहेब कुंई करायच्या आत माझा हात कडीवर. आता तो शहाण्यासारखा आत जातो, बसतो, माझ्याकडे बघतो आणि बेल देतो. शिंपीणबाई पोट धरून हसल्या. "काका, कोण कुणाला शिकवतंय?"

मला मात्र हसू येत नाही. हा शिकला नाही तर याला कुणी ठेवून घेणार नाही. मी तिकडे, आणि हा रिकाम्या घरात दार ओरबाडत बसलाय, असं डोळ्यांसमोर येतं.

तब्येत सांभाळ.

तुझा दादा

ता. क. कुठं जाणार ते विचारू नकोस. जवळच आहे.


शनिवार, ता. ९

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. विचारू नको म्हटलं तर पहिल्याच ओळीत विचारलंस. "दादा, तू पलीकडच्या गल्लीतसुद्धा कधी झोपायला गेला नाहीस, आता कसलं काम काढलंस?" सांगतो. आधी साहेबांचं ऐक.

पिंजऱ्यात माझा लिफ्टवरचा जुना कोट अंथरला. वरून चादर टाकली, म्हणजे त्याला बीळ वाटेल. दार लावलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसलो. रडला. मी बसून राहिलो. मग एकदम गप्प झाला. श्वास चाललाय ना? चादर उचलून बघितलं, तर हा जागा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून. रडला तरी मला भीती, गप्प बसला तरी भीती. असा मास्तर मिळाल्यावर कुत्रं काय शिकणार?

आता ते.

माझ्या डाव्या हातातून कप पडतो. आधी वाटलं कपच गुळगुळीत. मग ताटली पडली, मग किल्ली. सकाळी डोकं ठणकतं. डॉक्टरांना डोक्याच्या आतला फोटो हवाय, आणि त्यानंतर बहुतेक कापाकापी. म्हणून त्या बाहेरच्या रात्री.

फोटोचं मशीन म्हणजे एक लांब नळकांडं. त्यात माणसाला आडवं सरकवतात. त्याआधी तोंडावर जाळीचं झाकण लावतात. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा म्हणतात. मी दाबला. त्यांनी बाहेर काढलं. पाणी दिलं, पुन्हा आत घातलं. पुन्हा दाबला. मशीनवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मी अजून काही चालूच केलं नाहीये."

डॉक्टरांनी फाइल बघितली. म्हणाले, "तुम्ही तर लिफ्टमन होतात! दिवसभर पेटीतच उभे असायचात की." हो. पण तिथं कळ माझ्या हातात होती, आणि दारापलीकडे कुणीतरी थांबलेलं असायचं. डॉक्टर पुढे म्हणाले, "फोटोशिवाय मी हात लावणार नाही, आणि फार थांबण्यासारखं हे दुखणं नाही." मी म्हटलं, कुत्र्याची सोय लागली की येतो.

खरं सांगू? काल साहेब बराच वेळ गप्प होता. उघडायची काही गरज नव्हती. मीच उठलो आणि कडी काढली. तो शिकू नये असंच मला वाटत होतं. तो शिकला की मला जावं लागेल.

भाच्याला यातलं काही सांगू नकोस. तो धावत येईल आणि मला धीर देत बसेल.

तुझा दादा


शुक्रवार, ता. १५

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. साहेब झोपले.

सांगतो कसं. परवा मला फार भीती वाटायला लागली, कशाची ते नीट सांगता येत नाही. पलंगावर पडवेना. खाली उतरलो आणि पिंजऱ्याशेजारी फरशीवरच आडवा झालो. तो आत कुंई करत होता. कडीला हात लावला नाही, फक्त तारांमधून एक बोट आत घातलं. त्यानं वास घेतला, बोटावर हनुवटी टेकली, मोठा सुस्कारा सोडला, आणि घोरायला लागला. बोट बधिर झालं तरी मी काढलं नाही. दार बंदच होतं गं.

काल पिंजरा खाली शिंपीणबाईंकडे नेला. त्या शिलाईचं मशीन चालवत बसल्या, एक पाऊल पिंजऱ्याला टेकवून. सकाळी म्हणाल्या, "काका, तुमच्या साहेबांनी हूं का चूं केलं नाही. आता तुम्ही निघा." तोंड दुसरीकडे करून म्हणाल्या. म्हणजे जिन्याला कळलेलं आहेच.

आता माझ्याकडे सबब उरली नाही. पुढच्या गुरुवारी सकाळचा, फोटोचा नंबर मिळालाय. त्या मशीनवरच्या मुलीला विचारलं, आत कुणाला सोबत घेता येतं का?

"आत नाही हो, आजोबा. पण तुमचे पाय बाहेरच असतात. घरचं कुणी पायाशी बसलं तर चालेल. अंगावर धातूचं काही नको. कोण आहे तुमचं?"

"धाकटी बहीण आहे. पण तिला ऐकू येत नाही."

"मग बरंच आहे," ती म्हणाली, "मशीन फार आवाज करतं."

तर अंगठी, कानातलं घरीच काढून ठेव. कानाचं यंत्रही तिथं बाहेर ठेवावं लागेल. धीर देऊ नकोस, काही बोलूच नकोस. नुसता पायाचा अंगठा धरून बस. लहानपणी तू माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरून झोपायचीस आणि मी दिवसभर तुला त्यावरून चिडवायचो. आता तू चिडव.

फुगा दाबणार नाही असं वचन देत नाही. दाबला तरी अंगठा सोडू नकोस.

आणि पुढे कापाकापीतून मी परत आलो नाही, तर साहेबांना तुझ्याकडे ने. पिंजरा, कोट आणि चादर तिन्हींसकट. ते आता कुणाकडेही झोपतील, फक्त पहिल्या रात्री बोट द्यावं लागेल.

जन्मभर लोकांच्या बेलला धावलो. ही माझी बेल समज.

तुझा दादा